संग्रहातला आवडता जीवाश्म : ठिकाण पेनाने, नाव पेन्सिलने



मुलांचे खिसे आणि दप्तराचा पुढचा कप्पा तपासला की काय काय निघतं, ते तुम्हाला सांगायला नको. गोट्या, बाटलीची झाकणं, तुटकी पेन्सिल, आणि दगड. दगड तर हमखास. आपण म्हणतो, "फेकून दे रे तो दगड!" आणि मूल तो हळूच दुसऱ्या खिशात टाकतं.

आजचा पाठ त्या दगडांचा आहे. पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये उत्क्रांतीचा विषय येतो, जीवाश्म हा शब्द मुलांच्या कानावर पडतो आणि लगेच प्रश्न सुरू होतात. "बाई, आपल्या तळेगावात डायनासोर मिळेल का?" "बाई, माझ्याकडे पण एक आहे, आणू का?" त्यातून आमच्या वर्गात एक छोटा संग्रह उभा राहिला. तो उभा करताना माझी एक मोठी चूक झाली. ती आधी सांगते, कारण पुढचा सगळा पाठ त्या चुकीतून आला आहे.

फर्नची फरशी

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील फरशी बसवण्याचं काम करतात. तळेगाव स्टेशनच्या बाजूला नवीन सोसायट्या होतायत, तिथे एलिव्हेशनला लावायचा दगड कापताना उरलेला एक तुकडा त्यांनी मुलाला आणून दिला. फिकट पांढरट-पिवळ्या वालुकाश्माचा, तळहाताएवढा. त्यावर काळ्या रंगात इतकी सुंदर नक्षी, की कुणीही म्हणेल फर्नची पानं आहेत. मुलगा म्हणाला, "बाई, हा फॉसिल आहे. दुकानदार पण फॉसिलच म्हणतात."

मी पाहिलं आणि मलाही पटलं. फांद्या, उपफांद्या, टोकाला बारीक पानं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या मांडणीत मी तो तुकडा मधोमध ठेवला. स्वतःच्या हाताने जाड स्केचपेनने कार्ड लिहिलं : "फर्नचा जीवाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा." तो मुलगा दिवसभर त्या टेबलाजवळून हलला नाही. एरवी हात वर न करणारं हे पोर येणाऱ्या प्रत्येकाला माहिती सांगत होतं. संध्याकाळी त्याचे वडील कामावरून थेट आले, कपड्यांवर सिमेंट तसंच. त्यांनी मोबाइलवर मुलाचा आणि दगडाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मॅडम, रागावू नका, पण ते झाड नाहीये. तो डेंड्राइट आहे."

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवस वाचलं, चित्रं ताडून पाहिली. त्यांचं बरोबर होतं. राजस्थानकडून येणारा अशा नक्षीचा वालुकाश्म बाजारात "मिंट फॉसिल" या नावाने विकला जातो. नावात फॉसिल आहे, दगडात नाही. ती नक्षी मँगनीज आणि लोह यांच्या ऑक्साइडांची असते. दगडाच्या बारीक भेगेत पाणी शिरतं, त्यात हे पदार्थ विरघळलेले असतात. ते भेगेत साठत जातात आणि साठताना त्यांना फांद्या फुटल्यासारखा आकार येतो. थंड प्रदेशात खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी उमटते, तसाच हा प्रकार. झाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता प्रश्न दगडाचा नव्हता, त्या मुलाचा होता. पहिल्यांदा ज्या गोष्टीमुळे तो वर्गात उभा राहून बोलला, तीच गोष्ट खोटी निघाली हे त्याला कसं सांगायचं? खरं सांगते, एक दिवस मनात आलं की राहू दे. प्रदर्शन संपलं, कार्ड काढून टाकू, कोणाच्या लक्षात येणार आहे? पण मग जीवाश्म शिकवण्यात अर्थ काय राहिला?

मी त्याला काय सांगितलं ते शेवटी लिहिते. आधी आपल्या गावचा दगड समजून घेऊ.

आपल्या पायाखाली काय आहे?

तळेगावच्या तळ्याच्या काठावर उभं राहा किंवा चौराईच्या डोंगरावर जा, पायाखाली सगळीकडे एकच खडक : काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. घोरावडेश्वर, कार्ले, भाजे, बेडसे ही आपल्या आसपासची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा लाव्हा आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे.

आता मुलांना विचारा : हजार अंशांहून जास्त तापलेल्या रसात पान पडलं तर त्याचा जीवाश्म होईल की राख? मुलं स्वतःच उत्तर देतात. म्हणून तळेगावच्या काळ्या दगडात शंख, पान, हाड शोधत बसण्यात अर्थ नाही.

मग लाव्हाच्या प्रदेशात जीवाश्म अजिबातच नसतात का? असतात, पण थरांच्या मध्ये. लाव्हाचा एक थर आला की पुढचा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षं जात. तेवढ्यात त्या जमिनीवर तळी साचत, झाडं वाढत, गोगलगायी आणि बेडूक राहायला येत. तळ्याच्या गाळात त्यांचे अवशेष दबत आणि वरून पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी. दोन पोळ्यांच्या मध्ये सारण राहावं तसं. या मधल्या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. विदर्भात, मध्य प्रदेशात आणि चक्क मुंबईत असे थर आहेत. आपल्या घाटात रस्त्याच्या कापलेल्या कड्यांवर दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तोही अशाच मधल्या काळाची खूण आहे. लोणावळ्याकडे जाताना मुलांना खिडकीतून तो शोधायला लावा.

आपल्या भागात विहीर खणताना किंवा खाणीत जे चमकदार दगड मिळतात, ते बहुतेक झिओलाइट गटातली खनिजं किंवा गारगोटी. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांची पोकळी राहिली, त्या पोकळीत पुढे पाण्यातून स्फटिक वाढले. स्टिल्बाइट फिकट गुलाबी, पंख्यासारखा. स्कोलेसाइट पांढऱ्या सुयांच्या जुडग्यासारखा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत सापडणारा निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना हवा असतो. माझ्या वर्गात एकाने स्कोलेसाइट आणला होता आणि "दगडात गोठलेलं गवत" असं त्याचं नाव ठेवलं होतं. नाव मला आवडलं, पण तो जीवाश्म नाही.

खरा की फसवा? चार प्रश्न

मुलांनी नमुना आणला की आम्ही हे चार प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

१. दगड कोणता आहे? बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट असेल तर जीवाश्माची शक्यता जवळजवळ नाही. चुनखडक, शेल, वालुकाश्म अशा गाळाच्या खडकात शक्यता असते.

२. आकाराला शिस्त आहे का? पानाला मधली शीर असते, तिच्यापासून उपशिरा ठरावीक पद्धतीने निघतात, पानाला कड असते. डेंड्राइटला कड नसते. फांद्या वाटेल तशा फुटतात.

३. नक्षी कुठून सुरू होते? भेगेच्या किंवा दगडाच्या कडेपासून आत पसरत असेल तर डेंड्राइट समजा.

४. नमुना नेमका कुठून आला? याचं उत्तर "माहीत नाही" असेल, तर वरच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर असूनही आपण अर्ध्यावरच आहोत.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो मुलांना पटवून द्यायला मला तीन उदाहरणं सापडली : एक देवघरातलं, एक मुंबईचं आणि एक चंद्रपूरचं.

देवघरातला संग्रह

"आपल्यापैकी कुणाच्या घरी जीवाश्म आहे?" असं विचारलं तर एकही हात वर येत नाही. "कुणाच्या देवघरात शाळीग्राम आहे?" असं विचारलं की दोन-तीन हात वर येतात.

खरा शाळीग्राम नेपाळमधल्या काली गंडकी नदीच्या पात्रात मिळतो. काळा गुळगुळीत गोटा, आणि फोडला किंवा मुळातच छिद्र असेल तर आत चक्राकार वेटोळं दिसतं. ते वेटोळं म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं कवच. हा प्राणी माकूळ आणि ऑक्टोपसच्या गोतातला. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी तो जिथे पोहत होता, तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा भूखंड सरकत जाऊन आशियाला भिडला, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हिमालय झाला. आज डोंगर झिजवत गंडकी ते गोटे खाली आणते. बाजारात शाळीग्राम म्हणून नुसते काळे गोटेही विकले जातात, आणि प्रत्येक खऱ्या गोट्यात वेटोळं बाहेरून दिसेलच असंही नाही.

गावठाणात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या घरी मी तिच्यासोबत शाळीग्राम बघायला गेले. मनात धाकधूक होती, की हा जीवाश्म आहे म्हटलं तर आजींना काय वाटेल. आजींनी हात धुवायला लावले, ताम्हनात ठेवून लांबूनच दाखवला. मी भीत भीत समुद्राची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे आम्ही समजत होतो त्याहून जुना आहे की!" शाळेत न्यायला मात्र स्पष्ट नाही म्हणाल्या, आणि ते योग्यच होतं. मुलीने समोर बसून त्याचं चित्र काढलं. आमच्या संग्रहात ते चित्रच आहे.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. शाळीग्रामाला जीवाश्म म्हटल्याने श्रद्धेला धक्का लागत नाही, आणि देव म्हटल्याने विज्ञान खोटं ठरत नाही. घरात तो देव आहे, वर्गात तो अमोनाइट आहे. दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी समजतात, गोंधळ आपलाच होतो.

त्या आजींकडून मला आणखी एक गोष्ट मिळाली. त्यांच्या देवघरात पंचायतन आहे. शाळीग्राम गंडकीचा, बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा दगड शोण नदीचा. कुठला दगड कुठल्या नदीचा हे त्यांना पाठ होतं. "नर्मदेतला गोटा" हा वाक्प्रचार आपण कोरड्या माणसाला वापरतो, पण त्यातसुद्धा नदीचं नाव आहेच. विचार करा, पिढ्यान् पिढ्या घराघरांत दगडांचा संग्रह जपला गेला आणि प्रत्येक दगडासोबत त्याचं ठिकाणही जपलं गेलं. संग्रहाचा पहिला नियम आजींना आपल्याआधी माहीत होता.

वरळीचा बेडूक

दुसरं उदाहरण मुंबईचं. वरळीच्या टेकडीजवळच्या आंतरट्रॅपी थरात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. डायनासोर हा शब्द ज्याने दिला, तोच हा ओवेन. त्याने या बेडकाला नाव दिलं राना पुसिला. पुढे १९३० मध्ये नोबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे बेडूक पुन्हा तपासले. त्याचं मत पडलं की हे 'राना'मध्ये बसत नाहीत. त्याने नवीन प्रजाती केली, इंडोबॅट्रॅकस.

त्याच भागातल्या कासवाचंही तसंच. कार्टर यांनी १८५२ मध्ये डॉ. लेइथ यांच्या नावावरून त्याला टेस्टुडो लेइथाई म्हटलं. आज ते कार्टेरेमिस लेइथाई या नावाने ओळखलं जातं.

मुलांना मी विचारलं, "मग ओवेन नापास झाला का?" वर्गात दोन तट पडले. एक जण म्हणाला, "नापास नाही बाई, त्याने वरळी लिहून ठेवलं म्हणून नंतरच्याला तपासता आलं." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. नाव ८३ वर्षांनी बदललं. वरळी बदलली नाही.

हेही सांगा : आपण वरळीला उंच इमारती आणि समुद्र बघतो, तिथे एकेकाळी गोड्या पाण्याचं तळं होतं आणि त्यात बेडूक होते.

पिसदुऱ्याचे गोळे

मुलांचं सगळ्यात आवडतं उदाहरण हे, कारण यात शेण आहे. डायनासोरचं!

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा हे गाव आहे. तिथे लॅमेटा नावाच्या थरात डायनासोरची हाडं आणि विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. अशा गोळ्यांना कोप्रोलाइट म्हणतात. विदर्भातल्या जीवाश्मांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप पहिल्या फळीतले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला.

पिसदुऱ्याच्या गोळ्यांचं मोल मात्र खूप नंतर कळलं. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोप्रोलाइटमधले सूक्ष्म कण तपासले. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्या शेणात गवताचे कण सापडले होते! डायनासोरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं, हे त्यातून पुढे आलं. तोपर्यंत डायनासोर आणि गवत यांचा कुणी एकत्र विचार करत नव्हतं.

गवताचे कण एवढी वर्षं टिकले कसे? मुलांना विचारा, गवताच्या पात्याने किंवा उसाच्या पाचटाने हात कधी कापलाय का? कापतो, कारण त्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे कण असतात. पान कुजतं, ते कण राहतात. आपल्या मावळातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे क्षणात पटतं.

आता चौथा प्रश्न इथे लावून बघा. समजा असाच एक गोळा कुणीतरी उचलून घरी शोकेसमध्ये ठेवला, कुठला ते लिहिलं नाही आणि दोन पिढ्या गेल्या. मग तो नुसता वाटोळा दगड. त्यात गवत सापडलं तरी ते कोणत्या काळातलं हे कसं सांगणार? "पिसदुरा" हा एक शब्द सोबत होता म्हणून तो पुरावा झाला.

आपला संग्रह शेवटी कोणाचा?

मुलांना एका संग्राहकाची गोष्ट जरूर सांगा. बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, म्हणजे आपल्या बालदिनाचाच दिवस. आज पाकिस्तानात असलेल्या भेरा गावचा. लहानपणापासून झाडं आणि दगड गोळा करायचा नाद. पुढे ते भारतातले मोठे पुरावनस्पतीतज्ज्ञ झाले. मध्य प्रदेशातल्या मोहगाव कलानच्या आंतरट्रॅपी थरातल्या वनस्पतींवर त्यांनी काम केलं. तिथल्या एका फळाने त्यांना इतकं कोड्यात टाकलं, की त्यांनी त्याचं नावच एनिग्मोकार्पन ठेवलं, म्हणजे कोड्याचं फळ. "मला अजून नीट कळलेलं नाही" हे नावातच लिहून टाकणारा शास्त्रज्ञ मुलांना फार जवळचा वाटतो.

साहनी आणि त्यांच्या पत्नी सावित्री यांनी आपला जीवाश्मांचा संग्रह आणि पुस्तकं संस्थेसाठी देऊन टाकली. लखनौच्या त्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली. त्या कोनशिलेतच वेगवेगळ्या काळांतले जीवाश्म बसवलेले होते. त्यानंतर आठवड्याभरातच साहनी गेले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पिसदुऱ्याच्या शेणात गवत शोधणाऱ्या वंदना प्रसाद याच संस्थेच्या.

वर्गात करून बघा

१. काळाची दोरी. १ सेंटीमीटर म्हणजे १० लाख वर्षं. मैदानावर ४६ मीटर दोरी लावली की पृथ्वीचं पूर्ण वय होतं. आजच्या टोकापासून मोजत शाळीग्रामातला अमोनाइट दीड मीटरवर येतो. आपला काळा पाषाण ६६ सेंटीमीटरवर. आपल्यासारखा माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक दाखवायला गेलात तर तो केसाच्या जाडीहूनही बारीक अंतरावर येतो! ६६ सेंटीमीटरच्या खुणेवर थोडं थांबा. डायनासोर आणि अमोनाइट दोघांचाही वंश त्याच सुमारास संपला. मेक्सिकोजवळ मोठी उल्का आदळली तो काळही तोच, आणि आपल्याकडे लाव्हा वाहत होता तो काळही तोच. या दोन्हींचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे. शाळीग्राम आणि तळेगावचा काळा दगड यांचं असं नातं आहे.

२. खोटा डेंड्राइट. दोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांमध्ये घट्ट पोस्टर रंगाचा थेंब ठेवा, दाबा आणि अलगद ओढून वेगळे करा. झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. झाड नसताना झाडाचा आकार येतो हे मुलांना हातांनी कळतं. दहा मिनिटांचं काम.

३. ठसा. शाडूची माती थापून तिच्यावर शिंपला किंवा शिरा ठळक असलेलं पान दाबा. भोवती पुठ्ठ्याची कड लावा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचं पातळ मिश्रण ओता. अर्ध्या तासाने सोडवा. प्लास्टर मोठ्यांनीच कालवावं, घट्ट होताना ते गरम होतं, त्यात हात घालू देऊ नका. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते.

४. नोंदकार्ड. प्रत्येक नमुन्याला एक. ठिकाण, तारीख आणि आणणाऱ्याचं नाव पेनाने लिहायचं. वस्तूचं नाव पेन्सिलने.

सहलीला गेलात तर एक पथ्य पाळा. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमसारख्या जीवाश्म उद्यानातून किंवा कुठल्याही संरक्षित जागेतून काहीही उचलायचं नाही. फोटो काढा, चित्र काढा. ते चित्रही संग्रहच आहे.

त्या मुलाला काय सांगितलं?

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं आणि सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. मी नीट न तपासता कार्ड लिहिलं. हे फर्न नाही." त्याचा चेहरा उतरला. थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मग माझा दगड काढून टाकायचा का?"

मी म्हटलं, "दगड खरा आहे. नाव चुकलंय, आणि ते मी लिहिलंय."

आम्ही ते चार प्रश्न एकत्र बसून दगडाला विचारले. त्यानेच भिंग धरून दाखवलं, की नक्षी कडेपासून सुरू होतेय आणि मधली शीर कुठेच नाही. जुन्या कार्डावरचं स्केचपेन खोडता येईना. नाव पेन्सिलने लिहायचा नियम तेव्हाच सुचला. ते कार्ड मी फाडू दिलं नाही. "फर्नचा जीवाश्म" यावर एक रेघ मारली आणि खाली माझी सही केली, कारण चूक माझी होती. नवीन कार्ड त्याने लिहिलं. ठिकाणासाठी वडिलांना विचारून आला. वडिलांनी दुकानात फोन करून विचारलं, पण राजस्थान यापलीकडे दुकानदारालाही सांगता आलं नाही. म्हणून कार्डावर पेनाने आहे : "राजस्थान. गाव माहीत नाही. तळेगाव स्टेशन येथे बाबांच्या कामावर मिळाला." खाली पेन्सिलने : "डेंड्राइट."

तो लगेच खूश झाला असं मी म्हणणार नाही. दोन-तीन दिवस गप्पच होता. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीने एक दगड आणला आणि म्हणाली, "यात मासा आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा मागच्या बाकावरून उठला, भिंग घेऊन आला आणि तिला विचारलं, "कुठून आणलास?"

आज आमच्या कपाटात २३ नमुने आहेत. त्यात खरा जीवाश्म एकही नाही. शाळीग्रामाचं चित्र, स्टिल्बाइट, गारगोट्या, मुलांनी केलेले ठसे आणि ती फरशी. पाहुणे आले की मुलं सगळ्यात आधी फरशीच दाखवतात, दोन्ही कार्डांसकट.

पालकहो, आज घरी मुलांना एवढंच विचारा : आपल्या घरातला सगळ्यात जुना दगड कोणता? पाटा-वरवंटा असेल, देवघरातला बाण असेल, आजोळहून आणलेला गोटा असेल. तो कुठून आला हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर लिहून घ्या. पेनाने.